ब्रेकवरचा पाय

अक्का पहाटे झोपेतच गेली. तिच्या मुलानं, माधवनं, हसनाबादहून दुकानात फोन केला. माझा मुलगा जिना चढून वर आला आणि माझ्यासमोर खाली बसला. त्याच्या बसण्यावरूनच मला कळलं. मग तो सांगायला लागला, की मावशी संध्याकाळी नीट जेवली होती, दुखणंखुपणं काही नव्हतं, दाजी शेजारीच होते, पहाटे त्यांनी हाक मारली तर तिनं ओ दिली नाही... मी ऐकत होते. आणि डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात आलं, की हेही तिलाच मिळालं. असं मरण, आणि हाक मारायला नवरा. माझे हे गेले ते हैदराबादेत, माल खरेदीला गेलेले असताना. मला त्यांचं तोंड दिसलं ते गाडीत घालून आणल्यावर. बहीण गेल्याचं ऐकून कोणी तिचा हेवा करतं का? मी केला. जन्मभर केला होता, त्या सकाळी तो एकदम कुठं जाणार होता?

या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी वाचत असते. वाचताना वाटतं, मरणारी सगळी माणसं देवमाणसंच असतात. अक्का तशी नव्हती. हट्टी होती, फटकळ होती, पाहुण्याला चहा विचारायचं विसरायची. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी मला कधी मिळाली नाही, आणि ती काय होती हे सांगायचं तर मला मोटारीच्या ब्रेकबद्दल सांगावं लागेल. दुसरा इलाज नाही.

आम्ही दोघी पिंपळगाव रेणुकाईच्या. घरची शेती. अक्का, म्हणजे अनसूया, थोरली. मी यमुना, धाकटी. तिला हसनाबादला शेतकऱ्याच्या घरात दिलं आणि मला जुन्या जालन्यात, शेती सोडून कापडाच्या धंद्यात उतरलेल्या घरात. माझं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायका आईला म्हणाल्या, धाकटीनं नशीब काढलं. माझ्या अंगावर रोज नवं लुगडं असे, घरात दोन मोलकरणी होत्या, आणि पुढं दारात काळी कुळकुळीत मोटार आली, ड्रायव्हरासकट. रीतीप्रमाणे हेवा अक्कानं माझा करायचा होता. तिनं तो केला नाही, आणि मला वाटतं माझं दुखणं तिथूनच सुरू झालं.

अक्काचे मालक, आमचे दाजी, तरुणपणी घरातून पळून सिकंदराबादेत मोटारींच्या कारखान्यात कामाला लागले होते. वडील वारल्यावर शेतीसाठी परत आले, पण हाताला लागलेली चटक गेली नाही. लढाईच्या दिवसांत नव्या गाड्या येणं बंद झालं होतं. तेव्हा त्यांनी लिलावात मोडक्या लष्करी गाडीचा सांगाडा घेतला, दुसऱ्या कुठल्या भंगारातून इंजिन आणलं, आणि बैलांच्या जोड्या लावून ते सगळं हसनाबादला ओढत नेलं. गोठ्याशेजारच्या पडवीत ते स्वतः मोटार बांधणार होते. आमचे हे पेढीवर बसून हसले. म्हणाले, दाजींना म्हणावं, हौसच असेल तर आमची गाडी न्या चार दिवस.

गाडीचा सांगाडा उभा राहिला, इंजिन फिरलं. त्या सांगाड्याला तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. पायाखालची पट्टी दाबली, की तेल बारीक नळ्यांमधून चारही चाकांकडं रेटलं जातं आणि चाकं आवळली जातात. पण जुन्या नळ्या फुटलेल्या होत्या. दाजींनी घाईत तांब्याच्या नळ्या आणल्या आणि मधले सांधे डागानं, म्हणजे कथील वितळवून, जोडले. त्यांना माहीत होतं, की असं करू नये. तांब्याची नळी सारख्या हादऱ्यांनी कडक होते आणि चिरते, आणि डागाचा सांधा दाबाला टिकत नाही. पण पोलादी नळी मिळत नव्हती आणि त्यांना गाडी चालवून पाहायची होती. अंगणातच पाहिली. उताराकडं वळल्यावर त्यांनी ब्रेक दाबला, तर पाय तळाला टेकला आणि गाडी थांबलीच नाही. काटेरी कुंपणातून आरपार जाऊन ती विहिरीच्या कठड्याला धडकली. दाजींच्या कपाळाला खोक पडली, एवढ्यावर निभावलं. अक्का लहानग्या माधवला कडेवर घेऊन दारातून पाहत होती. हे मला आईनं सांगितलं. अक्कानं मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी हसनाबादला गेले, ती आमच्या गाडीत बसून, ह्यांच्यासोबत. थोडं मिरवायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. पडवीत पाहते तर तांब्याच्या नळ्या काढून टाकलेल्या, आणि अक्का त्या उघड्या सांगाड्यावर, फळीच्या बैठकीवर, पदर खोचून बसलेली. दाजी मागच्या चाकाखाली आडवे. फक्त पाय दिसत होते. आणि खालून आवाज आला, "अन्सू, दाब."

मी जागीच थांबले. आमच्यात तेव्हा नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. आमचे हे मला 'अगं' म्हणत, लोकांत तेही नाही. आणि इथं गोठ्यातल्या गड्यादेखत दाजी तिला नावानं बोलत होते. अक्कानं पाय दाबला. "धर," खालून आवाज आला. ती धरून राहिली, तोंड एकदम गंभीर, नजर कुठंच नाही. चाकाच्या सैल केलेल्या स्क्रूपासून एक नळी लोणच्याच्या काचेच्या बरणीतल्या तेलात सोडली होती, तिच्यातून बुडबुडे निघाले. मग दाजींनी स्क्रू आवळला आणि म्हणाले, "सोड." तिनं सोडलं. परत, दाब... धर... सोड. नळीत हवा राहिली तर ब्रेक मऊ पडतो, म्हणून ती अशी काढायची. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि जवळच्या चाकाशी संपवायचं. एकट्या माणसाला ते जमत नाही. एकानं खाली पाहायचं, एकानं वर धरायचं. आणि खालच्यानं स्क्रू आवळल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाही तर हवा परत आत जाते. हे मला अक्कानंच सांगितलं, मोठ्या उत्साहात, आणि चहाचं विसरली. तिच्या हातांना एरंडेलासारखा वास येत होता. ते ब्रेकचं तेलच तसं असायचं.

परत येताना हे म्हणाले, दाजींनी बायकोला मोटारीवरचा खलाशी करून ठेवलंय. मी हसले. पण जालना येईपर्यंत माझ्या कानात तो एकच शब्द होता, धर. इतक्या विश्वासानं मला कोणी काही धरायला सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्यांचा गैरसमज नको, मला दाजी आवडत होते अशातला भाग नाही. दाजी काळेसावळे, बोलायला तुटक, नखांत कायम काळं. मला त्यांचं काही नको होतं. मला ती फळी पाहिजे होती, जिच्यावर अक्का बसली होती.

पुढं मी जाई तेव्हा त्यांचं तेच काम चाललेलं असे. सिकंदराबादेहून पोलादी नळी आली होती. दाजी ती करवतीनं सरळ कापत, आतली-बाहेरची धार कानशीनं घासून काढत. मग नळीचं तोंड एका यंत्रात धरून धोतऱ्याच्या फुलासारखं बाहेर उमलवत आणि ती कड परत आत दुमडत, म्हणजे तोंड दुहेरी होतं आणि चिरत नाही. पण तोंड उमलवण्याच्या आधी नळीवर नट चढवावा लागतो. नंतर तो चढत नाही, आणि केलेलं काम कापून फेकावं लागतं. दाजी नेमकं तेच विसरत. म्हणून दर वेळी अक्का विचारायची, "नट घातला का?" आणि दाजी थांबून पाहायचे. पुढं पुढं ते त्या घरातलं बोलणंच झालं. कोणी गावाला निघालं, की अक्का विचारी, नट घातला का, म्हणजे काही विसरलं तर नाही ना. ते दोघं हसत. आम्ही बाकीचे नुसते उभे. माझ्या घरात असं दोघांचंच एक वाक्य कधी झालं नाही.

गाडी पुरी होत आली होती तेव्हाची गोष्ट. मी माहेरी पिंपळगावला गेले होते आणि आईच्या पोटात एकाएकी असं दुखायला लागलं, की तिला उठवेना की बसवेना. वैद्य म्हणाला, जालन्याच्या दवाखान्यात न्या. हे आमची मोटार घेऊन हैदराबादेला गेले होते. भावानं हसनाबादला माणूस पिटाळला, की दाजी, गाडी घेऊन या. सकाळी गेलेला माणूस एकटाच परत आला आणि म्हणाला, गाडी येती, पण ताई म्हणती थोडं थांबा. का थांबा? तर एका सांध्याला ओल दिसली म्हणे. अक्काची रीत अशी होती, की सगळे सांधे कोरडे पुसून त्यांवर रांगोळीची भुकटी लावायची, आणि मग तिनं पायावर जोर देऊन ब्रेक धरून ठेवायचा. कुठं तेल पाझरत असेल तर पांढऱ्या भुकटीवर डाग उमटतो. त्या दिवशी पुढच्या डाव्या चाकापाशी एवढासा डाग उमटला होता. दाजी म्हणाले होते, हळू हळू जाऊ, काही होत न्हाई. अक्का म्हणाली, कापा आणि नवं करा.

इकडं आई तळमळत होती. मी अंगणात येरझारा घालत अक्काला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते. आई कोणाची, आणि ती बाई रांगोळी पाहत बसली! दुपार कलल्यावर गाडी आली. बाभळीच्या फळ्यांचं अंग, वर पत्रा, रंग नाही. आईला मागं निजवलं, तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. अक्का पुढं दाजींच्या शेजारी. मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

भोकरदनजवळ नदीत उतरणारा उतार तेव्हा नुसता धुळीचा होता. निम्म्या उतारावर आलो आणि पाहिलं, तर खाली ऐन वाटेत कापसाची गाडी अडकलेली, जू मोडलेलं, बैल आडवे. बाजूला दगड. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी घसरली, धुळीत तिरकी झाली, आणि बैलांच्या शिंगांपासून हातभरावर थांबली. कोणी ओरडलं नाही. गाडीवान तेवढा देवाचं नाव घेत होता. मग दाजी एका बाजूनं उतरले आणि अक्का दुसऱ्या बाजूनं, आणि दोघंही न बोलता चाकांपाशी वाकले, तिनं पुढची दोन पाहिली, त्यांनी मागची दोन. कोरड्या फडक्यानं सांधे पुसले. ती म्हणाली, "कोरडं हाय." ते म्हणाले, "बराबर." आणि दोघं परत येऊन बसले. डोकं मांडीवर असलेली आई वाचली होती, मीही वाचले होते, आणि मी काय पाहत होते? की त्या दोघांना एकमेकांना सांगावंसुद्धा लागलं नाही, कोणी कुठलं चाक पाहायचं.

आई बरी झाली. महिनाभर माझ्याच घरी होती, माझ्या हातचं खात होती, आणि भेटायला येईल त्याला सांगत होती, अन्सूनं मला आणलं, अन्सूच्या गाडीनं मला वाचवलं. अख्खी वाट डोकं माझ्या मांडीवर होतं, हे तिच्या लक्षातच नव्हतं.

त्यानंतर एकदा मी ह्यांना म्हणाले, आपल्या गाडीचं काही काम निघालं तर मला सांगा, मी बसेन ब्रेकवर. ते चकित होऊन म्हणाले, "ड्रायव्हर हाय की त्याला. तुला काय कमी हाय?" रागानं नव्हे, प्रेमानंच म्हणाले. मी पान करून दिलं आणि आत गेले.

अक्काला मात्र एकदा विचारलं. पडवीत बसलो होतो, दाजी शेतात होते. मी म्हणाले, अक्का, तुला मोठी मजा येत असेल गं या कामात. ती म्हणाली, "मजा कसली यमे. गाडी विहिरीवर गेल्ती तवा मी दारात व्हते. मला काहीच करता आलं न्हाई. आता ते कुठं निघाले, की मी आधी पाय ठेवून पाहते. पायाखाली कडक लागलं, की मंग जाऊ देते. भीती वाटती म्हणून बसते मी तिथं." बोलून झाल्यावर ती उठून गुरांना पाणी दाखवायला गेली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. ज्याचा मी हेवा करत होते ते सुख नव्हतंच, धास्ती होती. पण तसं झालं नाही. मला वाटलं, हिला धास्तीसुद्धा अशी मिळाली, की जिच्यावर हिला पाय ठेवता येतो. हे हैदराबादेला गेले, की मी नुसती गॅलरीत उभी.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षात गाडी कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दाजींनी तिची चाकं काढली आणि ती कडब्याखाली झाकून टाकली. राजवट संपली, आणि दिवाळीच्या सुमाराला ती बाहेर काढली. रबर चिरलेलं, तेल खराब झालेलं. सगळं नव्यानं करायचं होतं. मी भाऊबीजेहून परतताना हसनाबादला उतरले होते. अक्काला हिवतापानं धरलं होतं. ती आत खाटेवर गोधडीत होती. दाजींचं नळ्यांचं काम झालेलं, फक्त हवा काढायची राहिली होती. मी म्हणाले, दाजी, मी बसते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, बस.

मी त्या फळीवर बसले. पदर खोचला. पट्टी माझ्या पायाला गार लागली. खालून आवाज आला, "यमुना, दाब." मी दाबलं. "धर." मी धरलं... मला अजून आठवतं, अंगाचा सगळा भार मी त्या एका पायावर दिला होता. "सोड." मी सोडलं. बरणीतलं तेल एकदम परत नळीत ओढलं गेलं, मागोमाग हवाही. दाजी खालून बाहेर आले, हात पुसले. मला वाटलं होतं, की त्यांनी सोड म्हटल्यावरच मी सोडलं; पण ते पाहिल्यावर वाटलं, आपलीच घाई झाली असेल. मी म्हणाले, परत करू. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "राहू दे यमुना. अन्सूला बरं वाटल्यावर करू." आणि आठवडाभर गाडी तशीच उभी ठेवली. ती बरी होईपर्यंत.

या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. ती गाडी बरीच वर्षं चालली, मग सुटे भाग मिळेनात म्हणून मोडीत गेली. माझे हे गेले, मुलं मोठी झाली, अक्काची नि माझी भेट लग्नाकार्यात होत राहिली. ती दिसली, की मला दरवेळी ते वाक्य आठवे, राहू दे यमुना. माझ्या पायाला ते जमलं नाही, असंच मी धरून चालले होते.

तेराव्याला मी हसनाबादला होते. जेवणं झाली, लोक पांगले. दाजी ओसरीत खुर्चीवर बसले होते. आता त्यांना दिसत कमी आहे. मी चहा नेऊन दिला, तर म्हणाले, बस जरा. मी बसले. त्यांनी चहा बशीत ओतला. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं."

मी विचारलं, कोणत्या दिवशी?

"हवा काढून राह्यलो व्हतो तवा. अन्सू तापात व्हती. तू बराबर धरलं व्हतंस. माझंच चुकलं, स्क्रू आवळायच्या आधीच सोड म्हणून गेलो." त्यांनी बशी खाली ठेवली. "सोड म्हणायच्या आधी मान जरा बाहेर काढली, तं खिडकीत अन्सू. उठून बसल्याली, गज धरून. काही बोलली न्हाई. तिचं तोंड पाह्यलं अन् माझं ध्यानच उडालं."

पुढं ते म्हणाले, "मंग मला म्हणली, यमुनीला परत तिथं बसवू नका. म्हणलं, का? तं म्हणली, तिच्याजवळ सगळं हाय. हे एक माझं राहू द्या."

हे त्यांनी आजवर का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगू दिलं नसणार. ते उरलेला चहा प्यायले आणि मी कप घेऊन आत आले.

ती आतली खोली अजून तशीच आहे. खाट त्याच भिंतीला, तीच खिडकी. स्वयंपाकघरात बायका भांडी आवरत होत्या. मला दमल्यासारखं झालंय असं माधवच्या बायकोला सांगून मी अक्काच्या खाटेवर आडवी झाले आणि कुशीवर वळले. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. कोपरावर उठले, तर गोठ्याचं छप्पर. मग मी पूर्ण उठून बसले, गुडघे मोडून पुढं सरकले, दोन्ही हातांनी गज धरले, तेव्हा कुठं पडवी दिसली. आता तिथं खताची पोती आहेत. अंगात हिवताप असताना तिनं एवढं केलं होतं. फक्त मला त्या फळीवर बसलेली पाहण्यासाठी.

माधवची बायको मध्येच डोकावून म्हणाली, मावशी, झोपल्या न्हाईत व्हय? मी म्हटलं, नाही गं, बसलेय जरा. आणि गज धरून मी तशीच बसून राहिले.